सातव्या मात्रेनंतर

साउंडगार्डनचं ‘स्पूनमॅन’ लावा आणि मांडीवर हात ठेवून मात्रा मोजायला लागा. गिटारचा रिफ, म्हणजे फिरून फिरून येणारा तो स्वरांचा छोटा तुकडा, जाड तारेवर सुरू होतो. एक, दोन, तीन, चार. रॉक ऐकून तयार झालेला कान इथवर निवांत असतो. आणखी चार आल्या की आवर्तन पुरं. पाच, सहा, सात, आणि आठवीसाठी हात उचलावा तोवर रिफ पुन्हा पहिल्या स्वरावर येऊन उभा. राहिलेली मात्रा गेली कुठे? ती नव्हतीच. गाणं सात मात्रांचं आहे. 1994 साली ते जगभर वाजलं, पोरापोरींनी त्यावर मनसोक्त माना हलवल्या, आणि आपण सातावर डोलतो आहोत याचा त्यातल्या बहुतेकांना पत्ताही लागला नाही. अवघड बांधणी ऐकणाऱ्याला टोचू न देणं, हे या चार वादकांचं पहिलं कसब.

ग्रंजबद्दल, म्हणजे सिॲटलमधून आलेल्या या रॉकबद्दल, बोलणं निघालं की चौकड्यांचे फ्लॅनेल शर्ट निघतात, विस्कटलेले केस निघतात, कर्ट कोबेनचा अकाली मृत्यू निघतो. संगीताची वेळ येईपर्यंत चहा संपलेला असतो. खरखरीत आवाज, रागाचा उद्रेक, तीन स्वरांत आटोपलेलं गाणं असा त्याचा लौकिक झाला आहे. तो अगदीच खोटा नाही. पण त्या खरखरीच्या आत किती नेमकी लय बसवलेली आहे हे पाहायचं असेल, तर सिॲटलच्या सगळ्या बँडांमध्ये साउंडगार्डनकडे जावं, आणि साउंडगार्डनमध्ये किम थायिलच्या गिटारकडे.

हे संगीत मी बेंगळुरूच्या शिवाजीनगरात ऐकतो, आणि ऐकण्यात जागेचा वाटा असतो असं मला वाटतं. रसेल मार्केट, सेंट मेरी बॅसिलिका, कमर्शियल स्ट्रीट हा सगळा जुन्या कॅन्टोन्मेंटचा भाग. छावणीमुळे इथल्या कानांना पाश्चात्त्य वाद्यं लवकर ओळखीची झाली. दुसरीकडे, शहराच्या जुन्या अंगाला, चामराजपेटेत श्री रामसेवा मंडळीचा रामनवमी उत्सव 1939 पासून चालत आलेला. तिथे मांडवात बसलेले लोक मृदंगमच्या तनि आवर्तनाबरोबर, म्हणजे एकल वादनाबरोबर, मांडीवर ताल धरतात आणि चुकत नाहीत. याच शहरात टी. ए. एस. मणी यांनी 1964 साली कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन सुरू केलं. पुढे 1983 साली या मंडळींनी चार्ली मारियानो या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाबरोबर ‘ज्योती’ ही ध्वनिमुद्रिका केली. आर. ए. रामामणी यांचा आवाज, मृदंगमचे बोल आणि सॅक्सोफोन एका आवर्तनात कसे नांदतात हे ज्याला ऐकायचं असेल त्याने ती जरूर मिळवावी. अशा गावात सात मात्रांचा रॉक परका वाटत नाही.

शेजारच्या घरात मृदंगम शिकणारा एक मुलगा आहे. त्याला ‘स्पूनमॅन’ ऐकवलं. आधी तो नुसता ऐकत राहिला. तिसऱ्या आवर्तनाला त्याचा हात हलला, तोंडाने ‘त कि ट, त क धि मि’ सुरू झालं, आणि म्हणाला, “अंकल, हा तर मिश्र चापू.” तीन आणि चार. आपल्या मराठी कानाला सात म्हटल्यावर रूपक आठवतो: तीन, दोन, दोन. रूपकाची गंमत अशी की त्याची सम खालीवर येते. जिथे वजन हवं तिथे डग्गा मोकळा राहतो आणि आवर्तन तरंगत सुरू होतं. ‘स्पूनमॅन’ याच्या उलट्या स्वभावाचं आहे. पहिल्या मात्रेवर गिटार, बास आणि ड्रम तिघेही अंग टाकतात, इतक्या जोराने की तिथवर पोचायची घाई का झाली हे विचारायला सवडच मिळत नाही. सात मात्रांतून असा दोन टोकांचा परिणाम निघू शकतो, हे दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्यावरच लक्षात येतं.

थायिलचं आडनाव केरळचं आहे. आईवडील तिथले, तो स्वतः 1960 साली सिॲटलमध्ये जन्मला आणि शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्टमध्ये वाढला. तिथले त्याचे मित्र हिरो यामामोटो आणि ब्रूस पॅव्हिट. तिघेही पुढे वॉशिंग्टन राज्यात आले. थायिलने विद्यापीठात तत्त्वज्ञान घेतलं, यामामोटोने त्याच्याबरोबर आणि ख्रिस कॉर्नेलबरोबर 1984 साली साउंडगार्डन उभं केलं, आणि पॅव्हिटने सब पॉप ही कंपनी काढली. जोनाथन पोनमनने पॅव्हिटशी हातमिळवणी करावी हे सुचवणारा थायिलच होता. त्या एका ओळखीतून केवढं काय उगवलं! 1986 साली ‘डीप सिक्स’ या संकलनात सहा बँड एकत्र आले होते: साउंडगार्डन, मेल्व्हिन्स, ग्रीन रिव्हर, माल्फंकशन, स्किन यार्ड, यू-मेन. पुढच्याच वर्षी सब पॉपने साउंडगार्डनची ‘स्क्रीमिंग लाइफ’ काढली. ग्रीन रिव्हर फुटून एका बाजूला मडहनी झालं आणि दुसरी फांदी वाढत पर्ल जॅमपर्यंत गेली. जॅक एन्डिनोने रेसिप्रोकल रेकॉर्डिंग या छोट्या स्टुडिओत निर्वाणाचं ‘ब्लीच’ मुद्रित केलं, त्याचा खर्च वेष्टनावर छापला आहे: 606 डॉलर आणि 17 सेंट. मग 1991 उजाडलं. ऑगस्टमध्ये पर्ल जॅमचं ‘टेन’, सप्टेंबरात निर्वाणाचं ‘नेव्हरमाइंड’, ऑक्टोबरात साउंडगार्डनचं ‘बॅडमोटरफिंगर’. तीन महिन्यांत एका गावाचा आवाज जगाचा झाला.

केरळचं नाव आलं म्हणून थायिलच्या वादनात मृदंगम शोधायला जाऊ नये. तो मोह मला पटत नाही. या विषम मात्रा ठरवून आणलेल्या नाहीत, गाणं बांधून झाल्यावरच आम्ही त्या मोजतो, अशा अर्थाचं त्याने स्वतः सांगितलं आहे. मला त्यावर पूर्ण विश्वास बसतो, कारण गाण्यांत तो पुरावा आहे. आकडा आधी ठरवून केलेल्या रचनेत वादक मधूनमधून आपली हुशारी दाखवून जातो. साउंडगार्डनमध्ये रिफ जिथे संपावासा वाटतो तिथे संपतो, आणि बाकीचे तिघे त्याच्या मापाने स्वतःला बेतून घेतात.

या रिफची मुळं गिटार लावण्यात आहेत. गिटारची सर्वांत जाड तार रीतीप्रमाणे ‘ई’ स्वराला लावतात. ती पूर्ण एका स्वराने उतरवून ‘डी’ला आणली की जाड बाजूच्या तीन तारा डी, ए, डी अशा जुळतात. आपल्या भाषेत षड्ज, पंचम, वरचा षड्ज. एक बोट तिन्ही तारांवर आडवं टाकलं की सा-प-सा एकदम वाजतात, आणि ते बोट सरकेल तिथे अख्खा समूह सरकतो. ही क्लृप्ती थायिलकडे मेल्व्हिन्सच्या बझ ऑसबोर्नकडून आली, आणि ऑसबोर्न बोट दाखवत होता ते ब्लॅक सॅबथकडे. परिणाम मात्र आपल्याला घरचा वाटावा असा आहे. गंधार नसल्यामुळे स्वरसमूह सुखी की दुःखी ते सांगत नाही. खाली जाड षड्ज घुमत राहतो, वर पंचम त्याला आधार देतो, आणि राग कुठला ते ठरवायचं काम गायकावर पडतं. तानपुरा हेच करतो. ‘बॅडमोटरफिंगर’मधल्या ‘माइंड रायट’ला तर सहाच्या सहा तारा ‘ई’च्याच वेगवेगळ्या सप्तकांत लावलेल्या आहेत. सहा तारा आणि स्वर एक. इतक्या कमी सामग्रीवर गाणं उभं करायचं धाडस, आणि ते गाणं कुठेही रितं वाटत नाही.

त्याच अल्बममधलं ‘आउटशाइन्ड’ सावकाश ऐकावं. त्याचाही मुख्य रिफ सातांचा, पण चाल जड, ओढलेली. ‘स्पूनमॅन’मध्ये नसलेली आठवी मात्रा तुम्हाला पुढे ढकलते, इथे ती पायाखालची पायरी चुकल्यासारखी वाटते, प्रत्येक आवर्तनात एकदा. आणि मग धृपद येतं तेव्हा गाणं सरळ चारांच्या चालीत शिरतं. तो बदल कुठे होतो ते टिपायला दोनतीनदा ऐकावं लागतं, कारण मॅट कॅमेरन ड्रमवर कसलीही घोषणा करत नाही. पण अंगाला तो लगेच कळतो. खांदे सैल पडतात. आपल्याकडे ख्यालानंतर भजनी ठेका सुरू झाला की सभागृहात जे होतं ते इथे एका गाण्याच्या आत घडतं. निर्वाणाने हलक्या आणि दणकट आवाजाची फिरवाफिरव करून जो ताण निर्माण केला, तो साउंडगार्डनने इथे मात्रांच्या हिशोबातून काढला आहे. मला दोन्ही प्रिय आहेत. दुसरं अधिक दुर्मीळ आहे.

आता पुन्हा ‘स्पूनमॅन’कडे, कारण त्यातली सर्वांत सुंदर जागा अजून यायची आहे. या नावाची जन्मकथा अशी: कॅमेरॉन क्रोच्या ‘सिंगल्स’ या 1992च्या चित्रपटात एका काल्पनिक गायकाची कॅसेट दाखवायची होती. तिच्यावरच्या गाण्यांची नुसती नावं पर्ल जॅमच्या जेफ अमेंटने रचली, आणि कॉर्नेलने त्या नावांसाठी खरोखरची गाणी लिहून टाकली. त्यातलं एक हे. ज्याच्यावरून नाव घेतलं तो आर्टिस हा सिॲटलच्या रस्त्यांवर चमचे वाजवून पोट भरणारा कलावंत. 1994च्या ‘सुपरअननोन’ अल्बमसाठी त्यालाच स्टुडिओत बोलावलं. गाण्याच्या मध्यावर बाकी सगळं बाजूला होतं आणि चमचे वाजू लागतात. पहिल्यांदा ऐकताना हा निव्वळ चमत्कृतीचा भाग वाटेल. दुसऱ्यांदा ऐकताना त्या खणखणाटाचे थर वेगळे काढा. चमचा चमच्यावर आपटतो तो कोरडा, तीक्ष्ण. अंगावर आपटतो तो बुजलेला. या दोन आवाजांच्या अदलाबदलीतून बोल तयार होतात, चिपळ्यांच्या झांजा आणि लाकूड यांतून कीर्तनकार काढतो तसे. आणि त्याच गाण्यात कॅमेरनने ड्रमबरोबर चक्क स्वयंपाकघरातली भांडी वाजवली आहेत. महागड्या स्टुडिओत, प्रचंड ॲम्प्लिफायरांच्या शेजारी, रस्त्यावरच्या माणसाच्या हातातल्या चमच्यांना मानाची जागा द्यायची आणि तिथे गिटारने गप्प बसायचं, यात मला या मंडळींची संगीतावरची माया दिसते.

कॅमेरनबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. विषम मात्रांत ड्रम वाजवणारे पुष्कळ जण प्रत्येक आवर्तनाची सुरुवात ठोकून दाखवतात, ऐकणारा हरवू नये म्हणून. कॅमेरन हात हलका ठेवतो. झांजेवरचा त्याचा प्रवाह आवर्तनाच्या कुंपणावरून सहज पलीकडे जातो, त्यामुळे शिवण दिसत नाही. ‘जीझस क्राइस्ट पोज’मध्ये तो एवढ्या वेगाने आणि दाटीने वाजवतो की गिटारचा फीडबॅक त्यावर धुरासारखा तरंगतो. पण ताकद दाखवण्यासाठी एक ठोकाही जास्तीचा नाही. तबल्यावर साथ आणि स्वतंत्र वादन यांचा तोल ज्याला कळतो, त्याने या माणसाला साथसंगतीसाठी ऐकावं.

आवाजाकडे येऊ. ख्रिस कॉर्नेलच्या किंकाळ्यांची ख्याती मोठी, त्यामुळे त्याच्या खर्जाकडे दुर्लक्ष होतं. ‘फेल ऑन ब्लॅक डेज’ हे त्यासाठी सर्वांत योग्य गाणं. सहा मात्रांचं आवर्तन आहे. त्यात दादऱ्याचा झोका नाही. चारांच्या घरात दोन मात्रांची पडवी काढल्यासारखी रचना आहे, आणि ओळ संपल्यावर कॉर्नेलला त्या पडवीत थांबायला जागा मिळते. सुरुवातीला तो बोलल्यासारखा गातो, स्वर पूर्ण न उघडता. सगळं ठीक असताना अचानक मन काळवंडलं आणि कारण सापडेना, असा गाण्याचा विषय. त्याला आक्रोश शोभला नसता. म्हणून तो आवाज राखून ठेवतो, पुढेही राखतो, आणि अगदी शेवटाकडे तार सप्तकात सोडतो. तेव्हाही स्वर फाटत नाही, फक्त कडा खरखरीत होतात. ती खरखर किती घालायची हे तो ओळीओळीला ठरवतो. 18 मे 2017 रोजी तो गेला. त्यानंतर हे गाणं ऐकताना लोक त्याच्या आयुष्याचे धागे शोधतात ते समजण्यासारखं आहे, पण त्या शोधात ही स्वरांची राखण हातची जाऊ नये.

‘द डे आय ट्राइड टु लिव्ह’ हे मात्रांच्या दृष्टीने याहून बिकट. सात आणि आठ अशी जोडी. एकदा पाऊल आखूड, एकदा पुरं. गाण्यातला माणूस एक दिवस चारचौघांसारखं जगून पाहायचं ठरवतो आणि त्याला ते जमत नाही. चाल लंगडते आहे, सावरते आहे, पुन्हा लंगडते आहे, आणि शब्द काय सांगतात ते कळण्याआधी हे पायांना कळलेलं असतं. इथे गिटारच्या तारा ई, ई आणि मग चारही तारा बी अशा लावल्या आहेत: दोन षड्ज, चार पंचम. सहा तारांवर दोनच स्वर असल्यामुळे कुठलीही मोकळी तार छेडली तरी ती साथच करते. त्या मोकळ्या तारांचा झंकार मागे सतत चालू असतो, आणि पुढे तो माणूस धडपडतो आहे. आधार ढळत नाही आणि पाऊल स्थिरावत नाही, असं दुहेरी विणकाम रॉकमध्ये मी फार क्वचित ऐकलं आहे.

‘ब्लॅक होल सन’बद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी एकाच जागेवर थांबतो. सुरुवातीला सुटे सुटे स्वर झरतात ती गिटार लेस्ली स्पीकरमधून आली आहे. हा स्पीकर मुळात ऑर्गनसाठी केलेला. आतला कर्णा गोल फिरतो, त्यामुळे आवाज जवळ येतो, लांब जातो, आणि स्वर किंचित चढत-उतरत राहतो. हार्मोनियमवर जे आंदोलन कधीच येत नाही ते इथे यंत्राने आलं आहे. स्वर नितळ आहे, जागेवर मात्र ठरत नाही. एवढ्याशा थरथरीने गोड चालीच्या तळाशी मळमळ मिसळते. नंतर थायिलची एकल गिटार येते, वा-वा पेडलवर पिळवटलेली, चालीचं सौष्ठव विस्कटून टाकणारी. तिच्याशिवाय गाणं देखणं झालं असतं. तिच्यामुळे ते भीतिदायक झालं आहे. ‘सुपरअननोन’ अल्बममधून 1995 साली ‘ब्लॅक होल सन’ आणि ‘स्पूनमॅन’ दोघांना ग्रॅमी मिळाली.

थायिलच्या हाताची ओळख पटवायची असेल तर तो स्वर कसा सुरू करतो यापेक्षा कसा सोडतो ते ऐकावं. त्याचं जुनं वाद्य गिल्ड एस-100. त्यावर ब्रिजच्या पलीकडे, जिथे सहसा कुणी हात लावत नाही, तिथेही तारेचा थोडा भाग मोकळा राहतो. थायिल तोही छेडतो आणि काचेवर नखं फिरावीत तसे बारीक, अनाम स्वर काढतो. रिफ संपला की तो तार दाबून बंद करत नाही. गिटार ॲम्प्लिफायरसमोर धरली की स्पीकरचा आवाज तारेला पुन्हा हलवतो, तार पुन्हा स्पीकरला, आणि स्वर मरायच्या ऐवजी वाढत जाऊन वरच्या पंचमाकडे किंवा षड्जाकडे चढतो. गोंगाट म्हणून ओळखला जाणारा हा फीडबॅक तो आस म्हणून वापरतो. शरीर किती वळवायचं, ॲम्प्लिफायरपासून किती दूर उभं राहायचं, यावर पुढचा स्वर ठरतो. सतारीवर मींड घेताना बोटाला जे भान असतं ते त्याला सगळ्या देहाने ठेवावं लागतं.

1996च्या ‘डाउन ऑन द अपसाइड’मध्ये ‘नेव्हर द मशीन फॉरएव्हर’ नावाचं गाणं आहे. अल्बमसाठी सर्वांत शेवटी मुद्रित झालेलं. शब्द आणि संगीत दोन्ही थायिलचं. ग्रेग गिलमोर या सिॲटलच्याच ड्रमवादकाबरोबर सहज वाजवत बसला असताना ते सुचलं, आणि शब्द होईनात तेव्हा तूच लिही म्हणून कॉर्नेलने त्याच्यावर सोपवलं. मात्रा नऊ; या जातीला कर्नाटक संगीतात संकीर्ण म्हणतात. रिफ सरळ धावत निघतो, आठांवर थांबेल असा भास करतो आणि एका मात्रेने पुढे जातो. ‘स्पूनमॅन’मध्ये एक कमी होती, इथे एक जास्त. गाणं फारसं कुणी आठवत नाही, चांगल्या गाण्यांच्या याद्यांतही ते दिसत नाही. मी त्याला बँडच्या पहिल्या पाचांत ठेवीन. मोठ्या आवाजात लावा, आणि बेन शेफर्डचा बास नवव्या मात्रेवर काय करतो तिकडे कान ठेवा.